शिक्षकांसाठी लिहिलेले : विध्यर्थ आणि प्रथमपुरुष

दिवाळी अंकांतून कथा-कादंबरीची, नाटकाची, आत्मचरित्राची समीक्षा होते. शिक्षकांसाठी म्हणून जे लिहिले जाते त्याच्याकडे मात्र वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही. हस्तपुस्तिका, मार्गदर्शिका, प्रशिक्षणवर्गात वाटलेली वाचनपुस्तिका हे सारे खात्याने छापायचे, कार्यालयातून गठ्ठ्याने आणायचे, आवक-नोंदवहीत लिहायचे आणि कपाटात ठेवायचे, अशी त्याची इतिश्री ठरलेली. एखादा कथासंग्रह फसला तर नुकसान लेखक-प्रकाशकाचे होते. शिक्षकांसाठीचे पुस्तक फसले तर ते वर्षानुवर्षे वर्गातल्या मुलांना भोवते. तेव्हा साहित्याला लावतो त्या कसोट्या या लेखनाला एकदा लावून पाहायला हरकत नसावी. त्यासाठी फार मोठे साहित्यशास्त्र नको. आपण नववीला शिकवतो तेवढे व्याकरण पुरे.

कोणतीही हस्तपुस्तिका उघडून तिची क्रियापदे पाहा. शिक्षकांनी गट करावेत. चित्र दाखवावे. प्रश्न विचारावेत. मुलांना बोलते करावे. चर्चा घडवून आणावी. पानामागून पान सगळा विध्यर्थ. आपल्या मराठीचा विध्यर्थ खरे तर मोठा श्रीमंत आहे. त्यात विनंती आहे, इच्छा आहे, योग्यता आहे, शक्यता आहे. पसायदानाची भाषा विध्यर्थाचीच. हस्तपुस्तिकेत मात्र त्याचा एकच अर्थ शिल्लक राहतो, तो आज्ञेचा. शिवाय ज्याच्या हातात ते पुस्तक आहे त्याला ‘तुम्ही’ म्हणण्याचेही सौजन्य नाही. तो ‘शिक्षक’ नावाचा तृतीयपुरुष. लिहिणारा तर कोठेच दिसत नाही. परिणामी एक गोष्ट या लेखनात कधीच येत नाही, ती म्हणजे पुढे काय झाले. गट केले, चित्र दाखवले, प्रश्न विचारले. मग शेवटच्या बाकावरची तीन मुले काय करीत होती? या ‘करावे’ला भूतकाळ नाही. त्यामुळे अनुभवालाही त्यात जागा नाही.

हस्तपुस्तिका सरसकट टाकाऊ असतात असे मी म्हणत नाही. विज्ञानाचा प्रयोग मांडताना किंवा भूमितीची कृती शिकवताना नव्या शिक्षकाला त्यांचा आधार असतो. स्वयंपाकाच्या पुस्तकाचा असतो तसा. पण स्वयंपाकाच्या पुस्तकावरून घर चालत नाही.

पूर्वी हे असेच होते असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या मराठी शिक्षकांसाठी ‘शालापत्रक’ नावाचे मासिक निघत असे. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८६८ पासून त्यात लिहू लागले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु, दंडी या संस्कृत कवींवरचे त्यांचे निबंध या शाळामास्तरांच्या मासिकात आले. १८७५ मध्ये ते बंद पडले. ‘निबंधमाला’ त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली होती. म्हणजे मराठी निबंधाने आपली तालीम केली ती शिक्षकांसाठीच्या पत्रात. त्यात लिहिणाऱ्याने एवढे तरी गृहीत धरले होते की, खेड्यातल्या मास्तराला बाणभट्टाविषयी कुतूहल असू शकते! आज शिक्षकाला काय पाठवायचे हे ठरवताना त्याच्याविषयी नेमके काय गृहीत धरले जाते, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता दुसऱ्या टोकाचे पुस्तक. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले. आपल्याकडच्या ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ १९३२ साली गुजरातीत निघाले. ते मराठीतही वाचायला मिळते. लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून प्राथमिक शाळेची चौथी वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. त्या वर्षाची हकीकत त्याने ‘मी’ होऊन सांगितली आहे. पुस्तक लहानसे, रविवारी दुपारी जेवून बसावे आणि दिवेलागणीला संपवावे एवढे.

या पुस्तकाची सगळी ताकद पहिल्या दिवसात आहे. लक्ष्मीराम तयारी करून, मनाशी टिपणे काढून वर्गात जातो. आधी शांततेचा खेळ घ्यायचा, मग पुढचे. खिडक्या-दारे लावून तो मुलांना डोळे मिटून शांत बसायला सांगतो, आणि वर्गात म्यांव-म्यांवपासून सगळे आवाज निघतात. त्याची योजना पाच-दहा मिनिटांत पार धुळीला मिळते. तो मुलांना सुट्टी देऊन मोकळा होतो, तर मुख्याध्यापक त्यालाच जाब विचारतात. (आम्हा मुख्याध्यापकांची ग्रंथसृष्टीतली प्रतिमा ही अशी!) दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो आणि वर्ग त्याच्या हाती येतो. मग पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टीच्या पुस्तकांचे वाचनालय, खेळ, नाटक, खेळातून व्याकरण. इतर शिक्षक कुजबुजत असतात की हा नुसत्या गोष्टी सांगतो, शिकवतो कधी?

वाचणारा शिक्षक या लेखकावर विश्वास ठेवतो तो त्या पहिल्या दिवसामुळे. टाचण काढून वर्गात गेलो आणि टाचण टाचणाच्या जागी राहिले, हे ज्याला ठाऊक नाही असा शिक्षक मला भेटलेला नाही. पण हस्तपुस्तिकेत हा दिवस कधी उजाडत नाही. तिच्यातली मुले सांगितल्याबरोबर गट करतात आणि उत्साहाने चर्चा करतात. ‘दिवास्वप्ना’त आधी फजिती आहे, मग तोडगा आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये विचारात पडलेला एक माणूस आहे. शिक्षक शिकतो तो या मधल्या जागेत. प्रथमपुरुषी निवेदनाचे मोल येथे कळते.

तरीही पुस्तकाला नावे ठेवायला जागा आहे. लक्ष्मीरामाच्या पाठीशी अधिकारी आहे, हातात एकच वर्ग आहे, मुदत एका वर्षाची आहे. पगार, बदली, जनगणना, निवडणुकीचे काम यांतले काहीच त्याच्या मागे नाही. त्याचे सहकारी फार लवकर चिडतात किंवा फार लवकर वळतात. लेखकाने त्यांना माणसे म्हणून उभे केलेलेच नाही. पहिल्या दिवसानंतर लक्ष्मीराम म्हणावा तसा हरतही नाही. उत्तरार्धात, विशेषतः शेवटच्या संमेलनात, पुस्तक हळूहळू प्रचाराच्या अंगाने जाते. गिजुभाईंनी नावच दिवास्वप्न ठेवले आहे, म्हणून त्यांना याबद्दल फार बोल लावता येत नाही. पण स्वप्नातून उठल्यावर वर्गात जायचे असते.

तो उणा भाग आपल्या जवळच्या एका शिक्षिकेने भरून काढला. बेळगावहून कोल्हापूर ते किती लांब! लीलाताई पाटील या ना. सी. फडक्यांच्या कन्या. आयुष्यभर त्यांनी शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांत शिकवले आणि मग १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद’ ही प्राथमिक शाळा काढून स्वतः मुलांत जाऊन बसल्या. ‘ऐलमा पैलमा शिक्षण देवा’सारख्या त्यांच्या पुस्तकांमागे या शाळेतले रोजचे काम आहे. गिजुभाईंच्या कथेतला रंग त्यांच्या लेखनात नाही. कधी कधी वाक्ये जड होतात, शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाची सवय सुटत नाही. पण प्रयोग एका वर्षात संपत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. २०२० मध्ये त्या गेल्या.

आता आपल्या राज्यातले, कर्नाटकातले एक उदाहरण. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात काही प्राथमिक शिक्षकांनी ऋषी व्हॅलीच्या शाळांतली पद्धत पाहून मुलांसाठी कार्डे तयार केली. एका वर्गात अनेक इयत्तांची मुले, प्रत्येकाने आपल्या चालीने एकेक पायरी चढायची. ‘नली-कली’, आनंदाने शिका, हे त्याचे नाव. त्या मूळ कार्डांतली गाणी, गोष्टी, खेळ हे शिक्षकांनीच रचलेले होते. पुढे २००९च्या सुमारास ती पद्धत राज्यभर लागू झाली आणि कार्डे छापून येऊ लागली. लाखो मुलांपर्यंत पोहोचायचे तर छपाईला पर्याय नाही, हे मान्य. पण हेग्गडदेवनकोटेच्या शिक्षकांचा ‘आम्ही केले’ हा प्रथमपुरुष छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत ‘शिक्षकांनी करावे’ असा झाला. कार्डे पुष्कळ शाळांत पोहोचली. ती कशी सुचली, कोणती फसली, हे पोहोचले नाही.

संगणकावर आले म्हणून हे व्याकरण बदलले असेही नाही. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ आले, २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण आले, आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास आपल्या व्यवसायाचे शिक्षण घ्यावे असे सांगितले. कल्पना चांगली आहे. मात्र तास मोजता येतात म्हणून तेच मोजले जातात. चलच्चित्र पुढे सरकवून प्रमाणपत्र उतरवून घेणारे शिक्षक सगळ्यांनाच माहीत आहेत. त्यांना दोष देण्यापूर्वी त्या चलच्चित्रातला माणूस कोणत्या अर्थात बोलतो ते ऐकावे.

सीमाभागातल्या मराठी शाळांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. १९५६ मध्ये राज्य बदलले आणि पुण्या-मुंबईहून येणारी शिक्षकांची मासिके आमच्यासाठी परराज्यातली झाली. इकडचे प्रशिक्षण बहुधा कन्नडमध्ये चालते. कन्नड आम्हाला परकी नाही, मी स्वतः कन्नड पुस्तके आवडीने वाचतो, आणि मराठी शिक्षकाने कन्नडमधले शैक्षणिक लेखन वाचलेच पाहिजे या मताचा आहे. अडचण वेगळीच आहे. आमच्या वर्गात जे घडते ते पुण्याच्या पुस्तकात नाही आणि बंगळुरूच्याही नाही.

एक साधी गोष्ट घ्या. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत आले की भिंत स्त्रीलिंगी का आणि दरवाजा पुल्लिंगी का, हे त्याला कोणत्याच तर्काने कळण्यासारखे नसते. ते ‘ते भिंत’ म्हणते. त्यामागे त्याच्या घरच्या भाषेचा नियम असतो. शेजारच्या बाकावर मराठी घरातली मुलगी निबंधात ‘मी मामाच्या गावाला गेलो’ असे लिहिते, कारण तिची आई-आजी तसेच बोलतात. कोल्हापुरापासून इकडे बायकांच्या तोंडी हेच रूप आहे. दोन्ही वह्यांवर लाल शाईची खूण सारखीच पडते. पहिले परभाषेच्या वळणाचे रूप आहे, दुसरे अस्सल मायबोलीचे. या दोघांना एकाच तासाला काय सांगायचे? हा प्रश्न ज्याच्यापुढे रोज येतो त्या शिक्षकासाठी कोणी एक पान लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. ते पुण्याहून येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ते खानापूरच्या, निपाणीच्या, चिकोडीच्या एखाद्या शिक्षिकेलाच लिहावे लागेल, आणि त्यात ‘मी हे करून पाहिले, ते जमले नाही’ असे वाक्य असावे लागेल.

टाचणवहीला उजवीकडे ‘शेरा’ नावाचा अरुंद रकाना असतो. बहुतेक वेळा त्यात ‘पाठ पूर्ण’ असे लिहिलेले असते आणि खाली मुख्याध्यापक सही करतात. आमच्या शाळेत यंदा जूनपासून तो रकाना दुप्पट रुंद आखला आहे. शेऱ्यात क्रियापद भूतकाळी हवे, एवढा एकच नियम. पुष्कळांनी अजून ‘पाठ पूर्ण’च लिहिले आहे. सातवीच्या बाईंनी ऑगस्टमध्ये लिहिले : ‘चार मुलींनी मी गेलो लिहिले. खूण केली नाही. मोठ्याने वाचायला लावले. वर्ग हसला नाही, मीच थांबले. उद्या त्यांच्या आजीला कसे बोलता ते विचारून यायला सांगितले आहे.’