चित्रकथेतील शरीर बोलते का?

हताश माणसाने ‘हात टेकले’, घाबरलेल्याचे ‘पाय गळाले’, शरमलेल्याची ‘मान खाली गेली’, असे आपण म्हणतो. मराठी भाषेने भावनांची नोंद चेहऱ्याइतकीच उरलेल्या शरीरातही केली आहे. चित्रकथांची चर्चा करताना मात्र आपण कथानक आणि संवाद एवढ्यावरच थांबतो. येथे आम्ही पात्रांच्या देहबोलीचा विचार करणार आहोत.

पहिले उदाहरण वेताळाचे. ली फॉक यांचे १९३६ मधील हे पात्र १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठी मुलांच्या ओळखीचे झाले. वेताळाच्या मुखवट्यात बुबुळे दिसत नाहीत. डोळ्यांतून भाव दाखवण्याची सोय नसूनही तो सावध आहे की संतापलेला, हे मुलांना कळते. पुढे झुकलेले धड, आवळलेली मूठ आणि फाकलेले पाय एवढ्यावर काम भागते.

याला प्रयोगाचा आधार आहे. अविएझर, ट्रोप व टोडोरोव्ह यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. टेनिसपटूंनी गुण जिंकला किंवा गमावला त्या क्षणाची छायाचित्रे त्यांनी लोकांना दाखवली. नुसता चेहरा पाहून जिंकलेला कोण हे ओळखता येईना. नुसते शरीर पाहून ते ओळखता आले. जिंकलेल्याचा चेहरा हरलेल्याच्या धडावर बसवला, तेव्हा पाहणाऱ्यांचा कौल धडाप्रमाणे पडला. भावना टोकाला गेली की चेहऱ्यावरून सुख-दुःखातला फरक करणे अवघड होते.

वेताळाची मर्यादाही येथेच आहे. त्याच्या तोंडचे शब्द मराठी झाले, शरीर परकेच राहिले. कळंबच्या बाजारात सोयाबीनला भाव न मिळालेला शेतकरी उकिडवा बसून कपाळाला हात लावतो. ही बैठक अमेरिकी चित्रकाराच्या कुंचल्यातून कशी उतरणार? ती आपल्याच चित्रकारांकडे शोधावी लागते. शि. द. फडणीस यांनी शब्दांवाचून हसवणारी चित्रे काढली. शब्द काढून घेतले की मानेचा कल आणि हातांची ठेवण नेमकी असावीच लागते. त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली, हे शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे.

आमची खरी तक्रार विज्ञानाच्या चित्रकथांविषयी आहे. अशा अनेक कथांत गुरुजी बोट वर करून उभे असतात आणि मुले ओळीने ताठ. ‘अरे वा, किती नवल!’ हे फुग्यात लिहिलेले असते, पण मुलाचे शरीर मागच्या चौकटीतल्यासारखेच! नवल वाटलेले मूल टाचा उंचावते, भांड्यावर वाकते, शेजाऱ्याला कोपराने ढोसते. न समजलेले मूल डोके खाजवते, अंग चोरते. हे चित्रात नसेल, तर विज्ञान म्हणजे कोणी सांगितलेले ऐकून घेणे, असाच धडा मुले घेतील. आपल्यासारखे अडखळणारे मूल चित्रात दिसले, तर प्रश्न विचारण्याचा धीर येतो.

याची परीक्षा वर्गातच घेता येईल. चित्रकथेतील फुगे आणि चेहरे कागदाच्या चिठ्ठ्यांनी झाका आणि प्रत्येक पात्राला काय वाटते आहे, ते मुलांना लिहायला सांगा. नंतर चिठ्ठ्या काढून उत्तरे ताडून पाहा. जेथे बहुतेकांची उत्तरे जुळतील, तेथे चित्रकाराने आपले काम केले आहे. जेथे जुळणार नाहीत, तेथे ते पात्र कसे उभे राहायला हवे होते, हे मुलांनाच उभे राहून दाखवू द्या.