एकोणतीस मिनिटांचा विलाप

जपान म्हटले की वसईच्या कॅथलिक माणसाला प्रथम नागासाकी आठवते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या नगरात ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले, त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. जपानी भाषा आत्मसात करून ते फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी झाले होते, ही गोष्ट मात्र आपण त्यांच्या सणाला फारशी आठवत नाही. परक्याचे बोलणे आधी पूर्ण ऐकून घेणे, हे दुभाष्याचे पहिले काम. जपानच्याच एका रॉक अल्बमविषयी लिहिताना आम्ही तेवढे करण्याचा प्रयत्न केला आहे.

निमित्त असे घडले. एका घरी वर्षाच्या मिस्साबलिदानानंतर आम्ही भेटीस गेलो होतो. त्या घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतःच आपले जीवन संपविले होते. आतल्या खोलीतून कर्कश संगीत ऐकू येत होते. चहा ठेवता ठेवता माउली म्हणाली, “फादर, पोराने वर्षभर हेच धरलंय. माझं ऐकत नाही. तुम्ही तरी सांगा त्याला, बंद कर म्हणून.” ते शब्द आमच्या ओठांवर आलेही होते. परंतु जे आपण ऐकलेच नाही ते बंद करावयास कसे सांगावे, असा संकोच वाटला आणि ती तबकडी आम्ही मागून घेतली.

‘एक्स जपान’ ह्या समूहाचा ‘आर्ट ऑफ लाइफ’ हा अल्बम २५ ऑगस्ट १९९३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात गाणे एकच, आणि त्याची लांबी एकोणतीस मिनिटे. शब्द आणि संगीत योशिकी ह्यांचे. पियानो व ड्रम्सही तेच वाजवितात. गायन त्यांचे बालमित्र तोशी ह्यांचे असून साथीला लंडनची रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आहे. शब्द जवळजवळ सर्व इंग्रजी आहेत. योशिकी चौथ्या वर्षापासून पियानो शिकत होते. ते दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर ते ड्रम्सकडे वळले. त्या मुलाला हे ठाऊक होते, आम्हाला नव्हते.

रचनेचा आरंभ शांत आहे. पियानो, तंतुवाद्ये आणि हळुवार स्वर ह्यांनी श्रोता सावरतो न सावरतो तोच ड्रम्स आणि गिटार त्याच्यावर कोसळतात. येथून पुढे बराच काळ उसंत नाही. काव्य म्हणून शब्द सामान्य आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गुलाब, रक्ताळलेले हृदय, काळाच्या ओघात वाहत जाणारा जीव ह्या प्रतिमा पुनःपुन्हा येतात आणि झिजतात. ‘मी’चा उच्चार इतका होतो की दुसऱ्या माणसाला तेथे जागाच उरत नाही. आवेशाला आवर नसणे हा ह्या कृतीचा दोष आहेच.

परंतु मध्यावर सर्व वाद्ये थांबतात आणि कित्येक मिनिटे केवळ पियानो उरतो. प्रथम एक साधी, लहानशी धून. ती पुनःपुन्हा वाजत राहते आणि तिच्यावर दुसरा पियानो बेसूर आघात करू लागतो. पहिल्या वेळी आम्हाला वाटले, कोणी पट्ट्यांवर मुठी आपटीत आहे. आम्ही यंत्र बंद केले. तिसऱ्या वेळी ऐकताना ध्यानात आले की त्या कल्लोळाखाली ती धून चालूच आहे. शोकग्रस्त घरात नेमके असेच असते. चूल पेटते, डबा भरला जातो, पाहुण्यापुढे चहा येतो, आणि त्याच वेळी आत काहीतरी सतत आपटत असते. शब्दांना जे साधले नाही ते ह्या भागात साधले आहे, आणि त्यामुळेच ह्या कृतीला आम्ही श्रेष्ठ म्हणतो. पुढे सर्व वाद्ये परततात. आपल्याच हृदयाने आपला घात करू नये, जगावे, असे स्वर सांगू पाहतो. जगण्याचा अर्थ विचारतो. आणि गाणे एकाएकी तुटते. उत्तर मिळत नाही.

त्या माउलीची भीती मात्र निराधार नव्हती. ह्याच समूहातील गिटारवादक हिदे २ मे १९९८ रोजी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारले. अधिकृतपणे ती आत्महत्या ठरली. सहकाऱ्यांच्या मते तो अपघात होता. त्या धक्क्याने काही चाहत्यांनी आपले प्राण दिले आणि योशिकींना, असे करू नका, अशी विनवणी करावी लागली. म्हणून, मुलाला ह्या संगीताबरोबर एकटे सोडावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु ‘बंद कर’ म्हणणे हेही त्याला एकटे सोडणेच आहे.

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो. त्याला आभाराचे कडवे नाही. तरीही चर्चने ते वगळले नाही, प्रार्थना म्हणून जपले. भेद एवढाच की स्तोत्रकर्ता देवाला उद्देशून तक्रार करतो, तर ह्या अल्बममधील आक्रोशाला आपण कोणाशी बोलत आहोत हेच ठाऊक नाही. हे त्याचे मोठे दुःख आहे. त्याला पाप म्हणण्याची घाई आपण करू नये. प्रभू येशूने क्रुसावर बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे शब्द मोठ्याने उच्चारले, तेव्हा जवळच्या काहींना वाटले की तो एलियाला हाक मारीत आहे. इतक्या जवळ उभे राहूनही त्यांना ऐकता आले नाही.

आपल्या चर्चलाही हे ऐकण्यास वेळ लागला. १९१७ च्या धर्मकायद्यानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले जाई. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध उरला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे शिकविले. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. कायदा बदलला, परंतु चर्चच्या आवारातील कुजबूज तेवढ्याने थांबत नाही, आणि ती मुलांच्या कानी पडतेच.

तबकडी परत करण्यास आम्ही गेलो तेव्हा, एकदा सर्वांनी मिळून ऐकू या, असे सुचविले. माउली दाराशी उभी राहिली; मग पियानोच्या भागात येऊन बसली. गाणे तुटले तेव्हा तिने विचारले, “संपलं?” मुलगा म्हणाला, “हो. असंच संपतं.” थोड्या वेळाने त्याने आम्हाला विचारले, “फादर, मधला पियानो आवडला?” आधी आवडला नव्हता, असे आम्ही खरे सांगितले. तेव्हा कल्लोळाखालची धून आईला ऐकवावी म्हणून त्याने तेवढा भाग पुन्हा लावला.

ज्या घरात असा शोक आहे आणि मुले दार लावून असे संगीत ऐकतात, तेथील वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे: दार वाजवा, आत जाऊन बसा, आणि निदान एकदा ते शेवटपर्यंत ऐका.