सिकलसेलचा रुग्ण आणि विभागलेले वैद्यक : एक चिकित्सा

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशनचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी तिची उद्दिष्टे आहेत. विदर्भ आणि सातपुड्याच्या पट्ट्याला या आजाराची झळ पिढ्यान्‌पिढ्या बसत आली असल्याने महाराष्ट्राला या मोहिमेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तथापि किती तपासण्या झाल्या आणि किती कार्डे वाटली, हेच तिच्या यशाचे माप म्हणून वारंवार पुढे येते. ज्याचे निदान झाले त्या रुग्णाचे पुढे काय, हा प्रश्न त्या आकड्यांत मावत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आजार म्हणून ओळखला जातो, परंतु तो रक्तापुरता राहत नाही. विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी जेथे अडकतात तेथे इजा होते. मग तो मेंदू असो, खुब्याचे हाड असो, मूत्रपिंड असो वा डोळ्याचा पडदा. आपली रुग्णालये मात्र अवयवांनुसार विभागलेली आहेत. खुबा दुखला की अस्थिरोग विभाग, दृष्टी मंदावली की नेत्ररोग विभाग, आणि प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. भामरागड वा धडगावसारख्या तालुक्यातून आलेल्या रुग्णाला आपला पूर्वेतिहास प्रत्येक टेबलापाशी नव्याने सांगावा लागतो, आणि तो कितपत नीट सांगता येईल यावर त्याचे उपचार ठरतात.

सहकार्याने काय साधते याचे लखलखीत उदाहरण अमेरिकेतील १९९८ च्या एका चाचणीत सापडते. मेंदूतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करून पक्षाघाताचा धोका असलेली मुले आधीच ओळखली गेली आणि नियमित रक्तसंक्रमणामुळे हा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटला. येथे तपासणी क्ष-किरणतज्ज्ञाची, निर्णय बालरोगतज्ज्ञाचा आणि जुळणारे रक्त रक्तपेढीचे. तिघांपैकी एक जरी वेगळ्या वाटेने गेला तरी मूल पक्षाघातापासून वाचत नाही.

याउलट हायड्रॉक्सीयुरियाचे पाहावे. वेदनेचे झटके कमी करणारे हे औषध स्वस्त आहे आणि १९९५ पासून त्याची उपयुक्तता सिद्ध आहे. गर्भधारणेच्या वेळी मात्र ते सामान्यतः बंद करावे लागते. औषध देणाऱ्या डॉक्टरांना मुलीचे लग्न ठरल्याचे कळत नाही. प्रसूतितज्ज्ञांकडे ती येते तेव्हा कित्येक आठवडे उलटून गेलेले असतात. शस्त्रक्रियेची गोष्टही अशीच. तहान, थंडी वा प्राणवायूची कमतरता, यांतील काहीही पेशींना विळ्याचा आकार देऊ शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी रक्त द्यावे की नाही हे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावयाचे असते. ही चर्चा ऑपरेशनच्या दिवशी सकाळी होऊ नये, एवढी अपेक्षा काही फार मोठी नाही.

जिल्हा पातळीवर इतके तज्ज्ञ आणावयाचे कोठून, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. सर्व तज्ज्ञ एका छताखाली असले म्हणजे सहकार्य होतेच असे नाही. अनेक विषय एका मुखपृष्ठाखाली छापले म्हणून आंतरविद्याशाखीयता साधत नाही, हे आपल्या विद्यापीठीय जगालाही चांगलेच ठाऊक आहे. गरज आहे ती एका जबाबदार डॉक्टराची आणि सर्व विभागांनी लिहावयाच्या एका वहीची. रुग्णाचे सूत्र कोणाच्या हाती, हे ठरले की दूरच्या नेत्रतज्ज्ञाकडे वर्षातून एकदा पाठविणेही शक्य होते. कार्डावर वाहक की रुग्ण एवढेच नोंदवून हे साधत नाही.

ही उणीव सर्वांत तीव्रतेने जाणवते ती वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास. बालरोग विभागाचे दार बंद होते आणि प्रौढांच्या विभागात त्याला ओळखणारे कोणी नसते. याच वयात मृत्यूचे प्रमाण वाढते, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. आपल्याकडे याच वयाचा रुग्ण महाविद्यालयात दाखल होतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तरीही वेदनेच्या झटक्यामुळे बुडालेले दिवस आपल्या हजेरीपटावर निव्वळ गैरहजेरी म्हणून नोंदविले जातात.