स्थावर मालमत्ता एजंटांसाठी संपर्क-व्यवस्थापन सॉफ्टवेअरची निवड : एक चिकित्सा

बीजशब्द : इस्टेट एजंट, संपर्क-व्यवस्थापन, लीव्ह अँड लायसन्स, देवनागरी, संमती

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शहरांत इस्टेट एजंटाचे खरे भांडवल म्हणजे त्याची वही होय. कोणाचा फ्लॅट कधी रिकामा होणार, कोणत्या सोसायटीत एनओसीसाठी खेटे घालावे लागतात, कोणत्या मालकाला भाडेकरू म्हणून केवळ कुटुंबच हवे आहे, या नोंदी त्याच्या गल्ल्यातील रकमेपेक्षा मोलाच्या असतात. ही वही संगणकावर नेऊ पाहणाऱ्या सॉफ्टवेअरची परंपरा मात्र वेगळ्या भूमीतली आहे. १९८७ साली अमेरिकेत आलेले 'ॲक्ट!' हे या वर्गातील आरंभीच्या उत्पादनांपैकी एक. ते विक्री-प्रतिनिधींना समोर ठेवून घडविले गेले होते आणि तो साचा पुढील उत्पादनांतही बव्हंशी टिकून राहिला.

सॉफ्टवेअर निवडताना एजंट सामान्यतः वैशिष्ट्यांच्या याद्या ताडून पाहतो. या पद्धतीत मूळ प्रश्नच बाजूला पडतो. तो प्रश्न असा की, हे सॉफ्टवेअर 'संपर्क' कशाला म्हणते?

नरसाळे आणि वही

प्रचलित सॉफ्टवेअरची रचना नरसाळ्यासारखी असते. वरून असंख्य विचारणा ओतायच्या, टप्प्याटप्प्याने त्या गाळायच्या आणि खाली मोजके व्यवहार 'पूर्ण' म्हणून बाहेर काढायचे. बांधकाम व्यावसायिकाच्या विक्री कार्यालयास ही रचना अगदी योग्य आहे. तेथे एकाच प्रकल्पातील ठरावीक फ्लॅट विकायचे असतात आणि ते विकले गेले की काम संपते. जाहिरातींच्या संकेतस्थळांवरील एकच विचारणा जेव्हा अनेक एजंटांकडे पोहोचते, तेव्हा प्रथम फोन करणाऱ्यास लाभ होतो. तेथेही नरसाळ्याचा उपयोग नाकारता येत नाही.

तथापि भाडे आणि पुनर्विक्री यांवर चालणाऱ्या लहान कार्यालयाचे गणित निराळे असते. लीव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. म्हणजे करार संपण्याची तारीख ही या व्यवसायातील सर्वांत फलदायी नोंद. त्या तारखेच्या दोन महिने आधी मालकाला नूतनीकरणाविषयी आणि भाडेकरूला पर्यायी घराविषयी विचारणारा एजंट दोन्हीकडून टिकतो. नरसाळ्याच्या रचनेत मात्र पहिला करार होताच नोंद 'बंद' या कप्प्यात जाते. ज्या क्षणी ओळखीचे रूपांतर नात्यात होते, नेमक्या त्याच क्षणी सॉफ्टवेअर त्या माणसाला विसरते.

दुसरी अडचण भूमिकांची. जुना वन बीएचके विकून टू बीएचके घेऊ पाहणारे कुटुंब एकाच वेळी विक्रेते आणि खरेदीदार असते. मधल्या काळात ते भाडेकरूही होते. प्रत्येक नोंदीला एकच 'प्रकार' देण्याची सक्ती करणारे सॉफ्टवेअर या कुटुंबाच्या तीन नोंदी करावयास लावते, आणि मग तिघांपैकी एकाला दिलेला शब्द दुसऱ्याच्या पानावर दिसत नाही. वहीत हेच काम समासातील एका ओळीत होत असे! व्यक्ती, मालमत्ता आणि व्यवहार या तीन नोंदी स्वतंत्र ठेवून त्या हव्या तशा जोडता येतात की नाही, ही कसोटी इतर सर्व वैशिष्ट्यांच्या आधी लावावयास हवी.

नाव, लिपी आणि शोध

या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. 'जयश्री' हे नाव रोमन लिपीत निदान चार प्रकारे लिहिले जाते. 'दीपक'चीही तीच गत. एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी तीनदा नोंदला जातो व त्याला एकाच दिवशी तीन फोन जातात. देवनागरीत नोंद केल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडे' यांतील अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन भिन्न अक्षरसंकेतांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु शोध घेणाऱ्या यंत्रणेने त्यांचे एकीकरण केले नसेल तर एक रूप टंकित केल्यास दुसरे सापडत नाही. फोन क्रमांकावरून शोधणे हा यावरचा रूढ उपाय. पण पती, पत्नी व परगावी नोकरी करणारा मुलगा असे तिघे तीन क्रमांकांवरून एकाच घराची चौकशी करतात, तेव्हा तोही अपुरा पडतो.

संमतीची नोंद

एका कळीसरशी हजारो लोकांना संदेश पाठविण्याची सोय विक्रेते अभिमानाने दाखवितात. वस्तुतः हीच सोय एजंटास सर्वाधिक गोत्यात आणू शकते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांत 'स्थावर मालमत्ता' हा व्यापारी संदेशांचा स्वतंत्र वर्ग असून तो बंद करण्याचा अधिकार ग्राहकास आहे. नोंदणी न करता प्रचारात्मक फोन करणाऱ्यांच्या सर्व दूरसंचार जोडण्या तोडण्याचे व त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे निर्देश प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिले. ज्याचा व्यवसायच फोनवर चालतो, त्याच्यासाठी ही शिक्षा दुकानाला टाळे लागण्यासारखीच आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील प्रमुख बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती विशिष्ट हेतूसाठी असावी, ती देणे जितके सुलभ तितकेच मागे घेणेही सुलभ असावे, ही या कायद्याची भूमिका होय. येथे सॉफ्टवेअरमधील 'स्रोत' हा रकाना उद्बोधक ठरतो. तो जवळजवळ सर्वत्र आढळतो, पण कोणत्या जाहिरातीवरचा खर्च वसूल झाला हे मोजण्यासाठी. हा क्रमांक कोणी, केव्हा आणि कशासाठी दिला, याची नोंद करण्यास त्यात जागा नसते. रेरा कायदा, २०१६ चे कलम १० नोंदणीकृत एजंटावर हिशेब व दस्तऐवज जतन करण्याची जबाबदारी टाकते. यास्तव काय पुसावयाचे व काय राखावयाचे हे ठरविणे त्याला क्रमप्राप्त आहे. सगळेच साठविणारे किंवा सगळेच पुसणारे सॉफ्टवेअर येथे निरुपयोगी ठरते.

वही कोणाची?

मासिक वर्गणीवर चालणाऱ्या सेवेत वर्गणी थांबली की वही दुसऱ्याच्या कपाटात अडकते. 'निर्यात' ही सोय असते खरी. परंतु तिच्यातून नावे व क्रमांक बाहेर येतात, तर संभाषणांच्या टिपा, करारांच्या तारखा आणि व्यक्ती व मालमत्ता यांची जोडणी पुष्कळदा मागेच राहते. याउलट, नोकरी सोडणारा सहायक अवघी यादी काही क्षणांत उतरवून नेऊ शकतो, कारण दोन-तीन माणसांच्या कार्यालयात सर्वांचा परवलीचा शब्द बहुधा एकच असतो. हा दोष कार्यालयाच्या सवयीचा आहे; पण माणशी दर आकारणारी सॉफ्टवेअरे त्या सवयीस खतपाणी घालतात. चाचणीच्या विनामूल्य काळात विक्रेत्याच्या नमुना-नोंदी पाहण्याऐवजी एजंटाने स्वतःच्या वहीतील शंभर खऱ्या नोंदी, संबंधितांच्या माहितीचे भान राखून, भराव्यात. त्यांत एखादा 'गोऱ्हे' आणि घर बदललेले एखादे कुटुंब असावे. मग त्या सर्व बाहेर काढून साध्या तक्त्यात उघडाव्यात आणि प्रत्येक कराराची अखेरची तारीख योग्य नावासमोर आली आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.