चार क्लॅरिनेट, एक नादगुण

चार क्लॅरिनेटवादक एकत्र आले की पहिला वाद कसे वाजवायचे यावर होत नाही, काय वाजवायचे यावर होतो. स्ट्रिंग क्वार्टेटपुढे हा प्रश्न इतक्या तीव्रतेने येत नाही. हायडनपासून बार्टोकपर्यंतचा वारसा त्याच्या पाठीशी आहे. क्लॅरिनेटच्या वाट्याला आलेल्या श्रेष्ठ रचना, म्हणजे मोत्सार्टचे १७८९चे आणि ब्राम्सचे १८९१चे क्विंटेट, चार तंतुवाद्यांच्या संगतीत नांदतात. केवळ चार क्लॅरिनेटसाठी लिहिलेले संगीत प्रामुख्याने विसाव्या शतकातले. त्यामुळे कार्यक्रमात रूपांतरांची गर्दी होते आणि निवड करणारा वादक नकळत समीक्षकाच्या जागी बसतो.

रूढ जुळणी तीन बी-फ्लॅट आणि एक बास क्लॅरिनेटची. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर व्हायोलाच्या खालच्या तारेहून जेमतेम एक स्वर वर असतो. बास क्लॅरिनेट जवळजवळ चेलोच्या तळापर्यंत पोहोचतो. म्हणजे स्वरांच्या पल्ल्यात तंतुवाद्यांचे बरेचसे संगीत बसते. खरी अडचण अन्यत्र आहे. गजाला दम लागत नाही, वादकाला लागतो. तार छेडता येते, पत्ती छेडता येत नाही. शिवाय चारही वाद्यांचा नादगुण एकच, त्यामुळे तासाभराच्या मैफलीत कान थकतो.

‘फिगारो’च्या १७८६मधील ओव्हर्चरचे उदाहरण घ्या. क्लॅरिनेट क्वार्टेटच्या कार्यक्रमांत ते आवडीने वाजते. आरंभीची कुजबुज क्लॅरिनेटला उत्तम साधते. इतक्या हलक्या आवाजात इतकी चपळाई फार थोड्या वाद्यांना जमते. पण ही कुजबुज मोत्सार्टने पुढच्या स्फोटासाठी लिहिली आहे. ट्रम्पेट आणि टिंपानी येतात तेव्हाच तिचा अर्थ पुरा होतो. चार क्लॅरिनेट तेथे फक्त मोठ्याने वाजू शकतात. श्रोता टाळी देतो ती ओळखीच्या चालीला आणि बोटांच्या वेगाला. रचनेतले नाट्य मात्र निसटलेले असते.

याउलट बाखचे ‘आर्ट ऑफ फ्यूग’. १७५१मध्ये, बाखच्या मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले. त्यात वाद्यांची नावे दिलेली नाहीत. यातील चार आवाजांच्या फ्यूगमध्ये नादगुणाची एकरूपता दोष राहत नाही. एकच विषय चौघांकडून फिरतो, आणि आवाज सारखे असल्यामुळे फरक दिसतो तो केवळ मांडणीचा. येथे वादकांपुढचे काम अवघड आहे: श्वास कोठे घ्यायचा हे चौघांनी मिळून ठरवावे लागते, नाहीतर सलग ओळीला भोके पडतात. पण ही अडचण रचना समजून घ्यायला भाग पाडते. ओव्हर्चरमधली अडचण केवळ झाकावी लागते.

मूळ रचनांपैकी व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ऊल यांचे १९४२चे ‘डिव्हर्टिमेंटो’ प्रत्येक गटाने वाजवून पाहावे. ते तीन क्लॅरिनेट आणि बास क्लॅरिनेट यांच्यासाठीच लिहिलेले आहे. या वाद्याचे खालचे सप्तक गडद, वरचे धारदार, आणि मधले काही स्वर स्वभावतःच फिके असतात. दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिलेले संगीत या वाद्यावर आणताना हे फिके स्वर नको तेथे पुढे येतात. ऊल यांना तो धोका नव्हता, कारण ते वाद्याचा स्वभाव गृहीत धरूनच लिहीत होते. तरीही मूळ आहे एवढ्यावरून रचना श्रेष्ठ ठरत नाही. केवळ वाद्याला सोयीची म्हणून पुष्कळ बेतास बात रचनाही वाजत राहतात.

रूपांतर कमअस्सल असते, हा समज मराठी वाचकाने तरी बाळगू नये. देवलांनी १८९०मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तो मराठी रंगभूमीचाच झाला. नव्या घरात पात्रांना बोलायला स्वतःची भाषा मिळाली, तर रूपांतर जगते. हीच कसोटी येथे लावावी. मूळ वाद्यमेळ आठवून जे सतत उणे वाटते, ते सोडून द्यावे. जे ऐकताना मूळ वाद्यांची आठवणच येत नाही, ते ठेवावे. या कसोटीने टाळ्यांचे काही हुकमी तुकडे यादीतून जातील. पण क्लॅरिनेट क्वार्टेट म्हणजे गरिबाचा ऑर्केस्ट्रा नव्हे, हे श्रोत्याला पटवण्याचा दुसरा मार्ग नाही.