‘स्ट्राँग आयलंड’ : जो खटला उभाच राहिला नाही

यान्स फोर्ड यांचा ‘स्ट्राँग आयलंड’ हा माहितीपट २०१७ साली आला आणि पुढल्या वर्षी ऑस्करच्या नामांकनात होता. आमच्या पाहण्यात तो उशिरा, नातवंडांच्या कृपेने, नेटफ्लिक्सवर आला. पाहताना जड जातो. तरी वाचकांनी तो पाहावा असे आमचे मत झाले आहे.

हकिगत थोडक्यात अशी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, सेंट्रल आयस्लिप गावी, एप्रिल १९९२ मध्ये विल्यम फोर्ड हा चोवीस वर्षांचा काळा तरुण मोटारदुरुस्तीच्या गॅरेजवरील वादात गोळी लागून मेला. त्याच्या हाती शस्त्र नव्हते. गोळी झाडणारा एकोणीस वर्षांचा गोरा मेकॅनिक. स्वतःच्या बचावासाठी झाडली, असे त्याचे म्हणणे. खटला भरावा की नाही हे तिथे ‘ग्रँड ज्युरी’ नावाचे पंच बंद दाराआड ठरवतात. ते सारे गोरे होते. त्यांनी खटला नको म्हटले, आणि प्रकरण मिटले. म्हणजे सरकारदरबारी मिटले.

यान्स हे विल्यमचे धाकटे भावंड. लहानपणी मुलगी म्हणून वाढलेले, आज पुरुष म्हणून जगतात. चित्रपट त्याचे अवडंबर करीत नाही, आम्हीही करीत नाही. कोर्टाने जे ऐकले नाही ते यान्स पंचवीस वर्षांनी ऐकवतात. घरातले जुने फोटो पांढऱ्या पृष्ठभागावर एकेक करून हाताने मांडतात. गोळीबाराचे नाटक करून दाखवलेले नाही, मारणाऱ्याचा चेहराही नाही. हे आम्हाला फार योग्य वाटले. मेलेल्या मुलापेक्षा मारणाराच लक्षात राहावा, असे चित्रपट थोडे नाहीत.

पण या चित्रपटाचा कणा म्हणजे आई, बार्बरा. पेशाने शिक्षिका. ताठ बसते, नीट तोलून बोलते. मुलांना तिने शिकवले होते की माणसाचा रंग पाहू नये, स्वभाव पाहावा. आता ती म्हणते, आपण हे शिकवले यातच चुकलो की काय? आम्ही चाळीस वर्षे वर्गात हेच सांगत आलो, म्हणून इथे रिमोटचे बटण दाबून थांबलो. तिला कोणी उत्तर देत नाही. चित्रपट पुरा होण्याआधीच ती वारली; तिचे यजमान त्याआधीच गेले होते. मुलाच्या मागे ते घरात गप्प होत गेले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ब्रुकलिन सोडून जे घर घेतले, तेच असे मुके झाले.

यान्स स्वतःलाही सोडत नाहीत. त्याच गॅरेजवर विल्यमचे आधी एकदा भांडण झाले होते. ते त्याने यान्सना सांगितले, यान्स हसले आणि कोणाजवळ बोलले नाहीत. पुढे त्याच भांडणाचा आधार घेऊन मेलेल्यालाच धोकादायक ठरवले गेले. हे ओझे ते कॅमेऱ्यासमोर, अगदी जवळून चेहरा दाखवीत, उतरवतात. आमच्या मते असे जवळचे चेहरे काही ठिकाणी फार लांबले आहेत आणि मधला भाग संथ आहे. कात्री थोडी चालली असती तर आईचे बोलणे अधिक ठसले असते.

आमच्यापैकी काहीजण इथे १९६४ सालच्या आधी आले. आपण पुरे यहुदी आहोत हे सांगण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, ते त्यांना आठवतच असेल. पण आपल्याला अपमान सोसावा लागला, त्या घराला मुलाचे प्रेत. दोन्ही एका तागडीत घालू नये. एक गोष्ट मात्र ओळखीची वाटते. आपल्याही घरात त्या काळाबद्दल मुलांशी कोणी फारसे बोलले नाही.

चित्रपट एक तास सत्तेचाळीस मिनिटांचा आहे. इंग्रजी बोलणे हळू आहे, समजते. एका बैठकीत झेपणार नसेल तर दोनदा बसून पाहावा, आणि शक्य तर नातवंडांबरोबर.