नाक कुणाचे, नाव कुणाचे?

कलाकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. येथे तो मी एका व्हिस्कीसंदर्भात विचारणार आहे. स्वीडनमधील मॅकमिरा या डिस्टिलरीने २०१९ साली 'इंटेलिगेन्स' ही व्हिस्की बाजारात आणली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली ती जगातील पहिली व्हिस्की असल्याचे जाहीर केले. यंत्रणेमागे मायक्रोसॉफ्ट आणि फोरकाइंड ही फिनलंडची कंपनी होती. जुनी मिश्रणसूत्रे, विक्रीचे आकडे आणि ग्राहकांची पसंती यंत्राला पुरवली गेली. त्यातून सात कोटींहून अधिक सूत्रे निघू शकतात, असे सांगण्यात आले.

हा आकडा दिपवणारा आहे, पण तो प्रतिभेचा पुरावा नव्हे. तीस प्रकारच्या पिंपांतून कोणतीही दहा निवडायची म्हटली, तरी तीन कोटींहून अधिक निवडी संभवतात. हे साधे गणित झाले. सात कोटींपैकी कोणते सूत्र बाटलीत जावे, हे ठरवणे म्हणजे निर्मिती. ते काम मास्टर ब्लेंडर अँजेला डोराझिओ यांच्याकडे होते. यंत्राने सुचवलेले त्या पारखत आणि त्यांच्या अभिप्रायानुसार यंत्र पुढची सूत्रे सुधारी. यंत्राला नाक नाही, जीभ नाही. त्याला चव कळते ती दुसऱ्याच्या होकार-नकारातून.

मग यंत्राने केले तरी काय? त्याचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणूस सवयीने ज्या जोड्यांकडे वळणार नाही, त्याही ते पुढे ठेवू शकते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सोळा व्हिस्कींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सात अमेरिकी आणि नऊ स्कॉटिश होत्या. अकरा तज्ज्ञांनी नोंदवलेल्या गंधांशी ताडून पाहता, प्रमुख गंध ओळखण्यात अल्गोरिदम सरासरी तज्ज्ञापेक्षा सरस ठरला.

माझ्या मते कळीचा मुद्दा येथेच आहे. तज्ज्ञांचे एकमत कशावर होईल, हे यंत्राने अचूक हेरले. परंतु आस्वादकाचे मोल केवळ एकमतात नसते. सर्वांना रुचेल असे सूत्र समोर असताना 'हे नको' म्हणणारा आस्वादकच परंपरेला वळण देतो. खपाचे आकडे काल काय आवडले एवढेच सांगतात. उद्याची रुची त्यांत नसते.

म्हणून 'यंत्राने घडवलेली' हे विशेषण मला खटकते. ते विक्रीला सोयीचे आहे, पण अभिप्राय देणाऱ्याचे श्रम झाकणारे आहे. धोका पुढच्या पिढीचाही आहे. ब्लेंडरचे नाक वर्षानुवर्षांच्या उमेदवारीतून तयार होते. एकदाचा अभिप्राय यंत्रात साठवला, आता उमेदवार कशाला पोसायचे, असा हिशेब कारखान्यांनी मांडला, तर काही वर्षांनी यंत्राला 'नको' म्हणणारे कुणी उरणार नाही. युरोपीय नियमांनुसार व्हिस्कीला लाकडी पिंपात किमान तीन वर्षे काढावी लागतात. कितीही वेगवान यंत्राला ती मुदत कमी करता येत नाही. रुची मुरायलाही असाच वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची तयारी असेल तरच यंत्र ब्लेंडरचा सहकारी ठरेल. बाटलीवर यंत्राचे नाव जरूर असावे. पण ते चाखणाऱ्याच्या नावानंतर.